सातव्या महिन्याचं माप

रविवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी राजेश्वरीच्या मोबाईलवर एक फोटो आला. फोटोत एक हात होता. हिरवी काचेची बांगडी अंगठ्याच्या हाडावर अडकलेली, हाताला साबणाचा फेस, आणि एका जागी काच लागून आलेला रक्ताचा बारीक थेंब. खाली लिहिलं होतं, 'ताई, माप चुकलंय तुमचं. बारा वाजता माझं डोहाळजेवण आहे. आता मी काय करू?'

तो हात पुण्यातल्या नीरजाचा. तिला सातवा महिना चालू होता. त्या हाताचं आणि तिच्या पोटातल्या जिवाचं पुढं काय झालं, तेच मला सांगायचं आहे. पण आधी मी कोण ते सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही कोण मधेच बोलायला लागली.

मी एक उशी आहे. डोक्याखालची नव्हे, हाताखालची. विटेएवढी असेन. भूमच्या बाजारगल्लीत हरिबा कासारांचं बांगड्यांचं दुकान होतं, तिथल्या लाकडी फळीवर माझी जागा. बाई बांगड्या भरायला बसली की तिचं मनगट माझ्यावर यायचं, आणि समोरून हरिबांचे दोन्ही हात.

मला शिवलं द्वारकाबाईंनी, म्हणजे हरिबांच्या बायकोनं. दुकान उघडायला आठवडा राहिला होता तेव्हा. हरिबा म्हणाले, "नुसत्या फळीवर बायांची कोपरं दुखतील, कायतरी मऊ पायजे." द्वारकाबाईंनी आपल्या चोळीच्या खणाचा उरलेला तुकडा काढला, ओढ्याकाठच्या सावरीचा कापूस ठासून भरला आणि दाताने दोरा तोडता तोडता म्हणाल्या, "घ्या. पर ध्यानात ठेवा, कुणाचा हात जास्त येळ धरला तर ही मला सांगंल."

हरिबा लाजून हसले. मी कधी काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही नव्हतंच. त्यांचं लक्ष हातावर असायचं, हात कुणाचा आहे इकडं नसायचं.

साबणाच्या पाण्यानं माझी खोळ सहा महिन्यांत विटून जायची. मग द्वारकाबाई ती बदलायच्या, कापूस उन्हात टाकायच्या, आणि मी परत फळीवर. अशी तीस-बत्तीस वर्षं गेली.

हरिबांनी कधी कुणाला माप विचारलं नाही. बाईनं हात पुढं केला की ते चार बोटं एकत्र धरायचे, अंगठा तळव्यात दुमडायचे, मूठ जराशी दाबून बघायचे आणि मागं न वळता डब्यातून बरोबर बांगडी काढायचे. दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ, अशी बांगड्यांची मापं असतात, जेवढा आकडा मोठा तेवढी बांगडी मोठी. बाईशी बोलताना हरिबांच्या तोंडात आकडा क्वचितच यायचा. "हात सैल सोड, माय. तुमच्या शिवारात पाऊस किती झाला?" असं विचारायचे. बाई पावसाचं सांगायला लागली की तिचा हात आपोआप ढिला पडायचा आणि सांगून होईतो बांगडी मनगटात गेलेली असायची.

बायांचे हात मी किती बघितले! काही बाया बांगडी जाताना तोंड फिरवून भिंतीकडं बघायच्या. काही डोळे मोठे करून हातावरच नजर ठेवायच्या, जशी काय नजरेनंच बांगडी आत ढकलतील. नव्या नवऱ्या मोकळ्या हातानं माझा कोपरा गच्च धरायच्या. भरून झालं की लहान असो, थोर असो, बाई हरिबांना नमस्कार करायची. एखादी काच तडकली तर फुटली म्हणायचं नाही, वाढवली म्हणायचं, ही रीत तुम्हाला ठाऊकच असेल.

मग हळूहळू बाया यायच्या कमी झाल्या. आधी लग्नाचे तयार चुडे डब्यात बंद होऊन मोठ्या शहरातून यायला लागले. नंतर पोरी मोबाईलमधले फोटो दाखवायला लागल्या, "काका, सेम असला आहे का?" एकदा तिघीजणी आल्या. हरिबांनी तिघींच्या मुठी दाबून माप काढून दिलं. त्या 'माझं दोन-सहा गं', 'माझं दोन-चार' करत बाहेर गेल्या आणि आमच्याच पायरीवर उभं राहून त्यांनी मोबाईलवरून बांगड्या मागवल्या. द्वारकाबाईंना लई राग आला. हरिबा म्हणाले, "राहू दे. पायरी तेवढी झाडून ठेवत जा, गिऱ्हाईक उभं राहतंय."

असं हसण्यावारी नेत दिवस काढले. शेवटी गाळ्याच्या मालकानं गाळा मागितला. कपाटं, आरसा, बांगड्यांचे डबे, मी, सगळे हातगाड्यावरून घरी आलो. त्या गाळ्यात आता कुरिअरचं ऑफिस आहे. राजेश्वरी पार्सलं द्यायला तिथंच जाते. हरिबा सोबत गेले तरी आत पाऊल टाकत नाहीत, समोरच्या रसवंतीपाशी उभे राहतात.

राजेश्वरी ही हरिबांची सून, माहेर ढोकीचं. नवरा रणधीर टेम्पो चालवतो, बराच वेळ बाहेरगावी असतो. हर्षाली त्यांची मुलगी, त्या रविवारी आठ महिन्यांची होती. मोबाईलवरून बांगड्या विकायचं डोकं राजेश्वरीचंच. घरात डबे भरून काच पडली होती आणि गिऱ्हाईक पायरीपर्यंत येत नव्हतं. ती खिडकीच्या उजेडात स्वतःच्या हातात बांगड्या भरायची, दुसऱ्या हातानं फोटो काढायची आणि टाकायची. आधी ओळखीच्यांनी मागवल्या, मग ओळखीच्यांच्या ओळखीच्यांनी. पहिलं पार्सल लातूरला गेलं, ते तिथं पोचलं तेव्हा आत नुसता चुरा होता. द्वारकाबाई म्हणाल्या, "अगं, बांगड्या पाठवायच्या होत्या, तू तर रांगोळी पाठवलीस."

राजेश्वरी रडली, पण थांबली नाही. जाड पुठ्ठ्याच्या नळ्या आणल्या, दोन बांगड्यांच्या मधे कागद घालायला शिकली. माप कसं घ्यायचं त्याचीही रीत तिनं बसवली. नीट बसणारी जुनी बांगडी कागदावर ठेवायची, आतल्या कडेनं पेन फिरवायचं, पट्टीनं मोजून फोटो पाठवायचा.

हरिबांना हे पटत नव्हतं. "हात न बघता बांगडी द्यायची म्हंजे काय, पोरी?"

"मामा, पुण्याची बाई दोन बांगड्यांसाठी भूमला येणार आहे का?"

"आल्या असत्या की. लग्नाला येत हुत्या."

"आता कोण येतंय!"

"व्हय, आता बाया हातात न्हाय, बोटानंच बांगड्या भरत्यात," असं म्हणून द्वारकाबाई मोबाईलवर बोट घासून दाखवायच्या आणि दोघांनाही हसू यायचं.

हरिबा मदत सगळी करायचे. नळ्या भरायचे, कागद कापायचे, तडकलेली काच कानाशी वाजवून नुसत्या आवाजावरून बाजूला काढायचे. मोबाईलला मात्र हात लावायचे नाहीत.

माझं काय? मला काम उरलं नाही. चार महिने कपाटावर पडून होते. मग हर्षालीला दात यायला लागले आणि तिनं मला मागून घेतलं. दोन दात आले होते, दोन्ही तिनं माझ्या कोपऱ्यावर घासून घासून आणले. राजेश्वरीचा जीव सारखा वरखाली व्हायचा. घरात काच, त्यात पोरगी रांगती. दिवसातून तीनदा फरशी झाडायची, ओल्या फडक्यानं पुसायची, आणि तरी हर्षालीला उचललं की आधी तिचे तळवे उघडून बघायची, मग गुडघे. पार्सल बांधताना सुद्धा एक डोळा पोरीवर. कामापायी आपल्या हातून लेकराचं काही चुकलं तर, ही भीती तिच्या मनातून जायचीच नाही. मी तिच्या पोरीच्या तोंडातच असायचे, म्हणून मला ठाऊक.

आता त्या रविवारचं सांगते.

फोटो बघून राजेश्वरीचं तोंड उतरलं. तिनं वही काढली. नीरजा, पुणे, हिरवा चुडा, ओटीभरणासाठी. "मामा, माझ्याच हातून चुकलं वाटतं. शारदा मॅडमच्या नीरजाला बांगड्या जात नाहीत."

हरिबा नळीत कागद घालत होते. शारदा मॅडम म्हणजे भूमच्या शाळेतल्या शिक्षिका, आणि नीरजा त्यांची एकुलती एक मुलगी. तिच्या लग्नातला चुडा हरिबांनीच भरला होता, माझ्यावर हात ठेवून. निमुळती बोटं, मऊ पंजा, अंगठ्याचं हाड जरा पुढं आलेलं. मला तो हात आठवत होता, हरिबांनाही आठवला.

"दोन-चारचा हात हाय त्यो," ते म्हणाले. "तू काय पाठवलंस?"

"दोन-सहा. तिनं लग्नातल्या बांगडीचं माप पाठवलं होतं, दोन-चार. तुम्ही म्हणाला होतात, ओटीच्या चुड्याला एक माप वाढवून द्यायचं, अंग थोडं भरलेलं असतं. म्हणून मी वाढवून दिलं."

"डबा बघ."

तिनं डबा बघितला. दोन-सहाचाच. चूक झालेली नव्हती.

हरिबांनी हातातला कागद खाली ठेवला. "मग दोन-सहा बी जात न्हाय?"

"नाही. मामा, मी तिला माफी मागते आणि दुसरा चुडा देते म्हणते. बारा वाजता कार्यक्रम आहे, ती कुठं लिहील बिहील आपल्याबद्दल..."

"फोन लाव तिला. तोंड दिसतं तसला."

राजेश्वरी बघतच राहिली. इतक्या महिन्यांत त्यांनी पहिल्यांदा फोन मागितला होता.

फोन लागला. पडद्यावर नीरजा आली, हिरवी साडी, केसांत फुलांची वेणी, डोळे रडलेले. मागं झोका सजवलेला दिसत होता आणि बायांचा गलका ऐकू येत होता.

"कासारकाका! बघा ना, आत्यानं तेल लावून बघितलं, मग साबण लावला. एक वाढवली सुद्धा."

"असू दे, माय. आता कुणी ओढू नगा. मला आधी तुझा हात दाव."

हरिबांनी हर्षालीच्या तोंडातून मला हळूच सोडवलं, आपल्या पुढ्यात ठेवलं आणि राजेश्वरीचा हात माझ्यावर ठेवला. "ह्यी करती तसं कर. खाली टॉवेलची घडी घे. दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं हाताची पाठ दाब. पाच आकडे म्हण. आता सोड. फोन जवळ ने."

राजेश्वरीच्या हातावरचा दाब सुटला तशी कातडी लगेच सपाट झाली. नीरजाच्या हातावर खड्डा राहिला. मळलेलं पीठ बोटानं दाबल्यावर राहतो तसा. हरिबांनी फोन चष्म्याजवळ नेला. खड्डा भरायला लई वेळ लागला.

"अंगठी निघती का?"

"परवापासून नाही निघत, काका."

"तोंड बी सुजल्यागत दिसतंय तुझं."

"रडले ना, म्हणून."

"डोकं दुखतं?"

"दोन दिवस झाले. दगदगीनं असेल. गोळी घेतली मी."

"आन डोळ्यापुढं काय होतंय?"

"अधूनमधून चमकल्यासारखं होतं. तुम्हाला कसं कळलं?"

"बांगड्या राहू दे, लेकी. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जा. पहिल्यांदा रक्तदाब बघायला सांग."

पलीकडून एका बाईचा आवाज आला. नीरजाच्या सासूबाई असाव्यात. "सातव्यात सगळ्यांचंच अंग सुजतं. माझे तर पाय असे झाले होते! पंधरा दिवसांपूर्वीच तपासणी झाली, सगळं ठीक आहे. चाळीस बाया जेवायला यायच्यात. कासारानं बांगड्या बदलून द्याव्यात, डॉक्टरकी कशाला करावी?"

राजेश्वरीनं हरिबांची बाही ओढली. ती हळू आवाजात म्हणाली, "मामा, राहू द्या. त्यांचं शुभकार्य आहे. आपण मधे पडायचं आणि काही निघालं नाही तर? आपल्याकडनं परत कुणी घेणार नाही."

आणि खोटं कशाला सांगू, तिला त्याहून मोठी भीती दुसरीच होती. काही निघालंच तर?

हरिबा तिच्याकडं न बघता फोनात म्हणाले, "शारदाबाई हायत का तिथं?"

पडद्यावर शारदा मॅडम आल्या. "बोला हरिबा."

"बाई, म्या आजवर हे कुणाला सांगितलं न्हाय. दुकान नवीन हुतं तवाची गोष्ट. एक बाई आली सासूसंगं, एस्टीनं. सातवा का आठवा हुता. हात असाच. बांगडी जाईना. सासू हसत म्हणली, सुनंच्या हाताला बाळसं आलंय. आमी सगळे हसलो. ती बी हसली. म्या साबण लावून, दाबून दाबून, घटकाभर खपून डझनभर बांगड्या भरल्या. मला वाटलं, काय हात हाय माझा! चौथ्या दिवशी कळलं, झटके आले तिला. दवाखान्यात पोचली न्हाय. ती बी न्हाय आन लेकरू बी न्हाय."

द्वारकाबाई चुलीपुढून उठून दारात आल्या होत्या. त्यांनाही हे ठाऊक नव्हतं.

मला ठाऊक होतं. त्या बाईचं मनगट माझ्यावर होतं. ऊन ऊन होतं आणि जड. हरिबांची बोटं जिथं जिथं दाबायची तिथं तिथं खळगा राहत होता, आणि ती बाई मोकळ्या हातानं सारखी कपाळ चोळत होती. मी उशी, मला काय कळणार? पुढं सरकारी दवाखान्यातल्या एक सिस्टर बांगड्या भरायला आल्या तेव्हा हरिबांनी त्या बाईची गोष्ट न काढता त्यांना असल्या हाताबद्दल विचारलं, आणि त्यांनी समजावून सांगितलं. हात-तोंड अचानक सुजणं, डोकं दुखणं, डोळ्यापुढं चमकणं, हे रक्तदाब वाढल्याचं असू शकतं, आणि पोटुशा बाईचं ते आपोआप थांबत नाही, तासातासानं वाढू शकतं. त्या दिवसापासून सातव्यातली कुणीही आली की हरिबा आधी तिच्या हाताची पाठ अंगठ्यानं दाबायचे आणि मनात पाच म्हणायचे. बायांना वाटायचं, माप बघतायत. खड्डा राहिला तर म्हणायचे, "आधी दवाखान्यातनं जाऊन या, बांगड्या म्या राखून ठेवतो." किती जणींना असं परत पाठवलं, त्याची मोजदाद त्यांनी ठेवली नाही.

शारदा मॅडम नीरजाकडं वळल्या. त्यांनी फोन हातात धरूनच विचारलं, "नीरजा, चमकतंय ते मला का नाही सांगितलंस?"

"कार्यक्रम मोडेल म्हणून, आई."

मागून सासूबाई म्हणाल्या, "अहो विहीणबाई, झोका सजलाय, पाहुणे दारात..."

"झोका उद्या बी हलंल," हरिबा म्हणाले.

"नीरजा, चप्पल घाल," शारदा मॅडम म्हणाल्या, आणि फोन बंद झाला.

तेव्हा अकरा वाजून गेले होते. नंतर घरात कुणाला काही सुचेना. राजेश्वरीनं एक नळी भरली, तिच्यात कागद घालायचा विसरली, परत रिकामी केली. हर्षालीला इतकं घट्ट धरलं की पोरगी कुरकुरायला लागली. द्वारकाबाईंनी भाकरी करपवली आणि राग हरिबांवर काढला. "आन काय निघालं न्हाय तर? चाळीस बायांत नाव जाईल तुमचं. म्हणतील, भूमचा कासार येडा झालाय."

"म्हणू दे," हरिबा म्हणाले. "तसंच व्हऊ दे. काय निघू नये तिला."

ते जेवले नाहीत. माझ्यावर हात ठेवून भिंतीला टेकून बसून राहिले.

चार वाजायला आले तेव्हा शारदा मॅडमचा आवाज मोबाईलवर आला, रेकॉर्ड करून पाठवलेला. राजेश्वरीनं तो लावला. मागं दवाखान्यातली घाईगर्दी ऐकू येत होती. "हरिबा, रक्तदाब एकशेसत्तरच्या वर निघाला. लगेच भरती करून घेतलंय, इंजेक्शन चालू आहे. डॉक्टर म्हणाले, कार्यक्रम उरकून संध्याकाळी आणलं असतं तर सांगता आलं नसतं. बाळाचे ठोके चांगले आहेत. माझ्यानं जास्त बोलवत नाही."

राजेश्वरीनं तो निरोप परत लावला. मग आणखी एकदा. हरिबांनी डोळे मिटले आणि त्यांचा सगळा भार माझ्यावर आला.

नीरजाला तीन आठवडे दवाखान्यातच ठेवलं. रोज रक्तदाब, रोज रक्त तपासणी. मग दिवस भरायच्या आधीच पोट उघडून मुलगी काढावी लागली. इवलीशी, दीड किलोच्या आसपास. पंधरा-सोळा दिवस काचेच्या पेटीत होती. आता दोघी घरी आहेत. नीरजाला अजून गोळ्या चालू आहेत, पण ती हिंडते-फिरते.

त्या रविवारीच संध्याकाळी राजेश्वरीनं हरिबांना विचारलं, "मामा, हे अंगठ्यानं दाबून बघायचं, दुकानात तुम्ही सगळ्यांचं बघायचात?"

"सातव्यातल्या सगळ्यांचं. तुझा बी हात दाबला हुता."

राजेश्वरी आपल्या हाताकडं बघत राहिली. "मला वाटलं, माप बघताय. मग मी हे सगळं चालू केलं तेव्हा मला का नाही सांगितलं?"

"तू मला माप कसं घ्यायचं ते इचारलंस, पोरी. हे मापात कुठं बसतंय?" मग म्हणाले, "आन माझ्या बी ध्यानात आलं न्हाय. हात समोर नसला की बोटाला आठवत न्हाय."

मला त्यांचं खरं वाटलं. दुकान बंद झालं तेव्हा सगळं सामान घरी आणलं, खिळासुद्धा ठेवला नाही. पण हरिबांचा तो अंगठा फक्त त्या फळीपाशीच चालायचा, आणि फळीपाशी आता कुणी येत नव्हतं. सगळ्यांना वाटलं, धंदा तोच आहे, फक्त जागा बदलली.

आता राजेश्वरीकडं कुणी ओटीभरणाचा हिरवा चुडा मागवला की ती मापाआधी दुसरंच विचारते. हात किंवा तोंड सुजलंय का, डोकं दुखतं का, डोळ्यापुढं चमकतं का, शेवटचा रक्तदाब कधी बघितला. आणि एक छोटा व्हिडिओ पाठवते. त्यात मी आहे, द्वारकाबाईंनी शिवलेल्या नव्या खोळीत. माझ्यावर राजेश्वरीचा हात आणि वरून हरिबांचा अंगठा. हरिबांना अजून फोनकडं बघून बोलता येत नाही, सुनेकडं बघूनच बोलतात. "पाच म्हणा, सोडा, आन बघा," एवढंच सांगतात.

सगळ्यांना हे आवडतं असं नाही. एकीनं लिहिलं, 'बांगड्या विकता की दवाखाना चालवता?' आणि ऑर्डर रद्द केली. दुसऱ्या एकीनं उत्तरच दिलं नाही. तिचं काय झालं असेल, तिला कुणी सांगितलं असेल का, या विचारानं राजेश्वरी पार्सल बांधता बांधता मधेच थांबते. एका तुळजापूरच्या बाईनं मात्र सांगितलं की तिच्या घरी रक्तदाब मोजायचं मशीन नव्हतं, व्हिडिओ बघून ती आशा सेविकेकडं जाऊन आली. सगळं ठीक निघालं. हरिबांनी तो निरोप दोनदा वाचायला लावला. ठीक निघालं हे ऐकायला त्यांना जास्त आवडतं.

मी काही डॉक्टरीण नाही, कापसाची उशी आहे. सातव्या-आठव्यात पाय थोडे सुजतात, बऱ्याच जणींचे सुजतात, हे मलाही माहीत आहे. अंगठा दाबून सगळंच कळतं असंही नाही. ते बघायचं काम दवाखान्याचं. पण जाऊन बघायला पाहिजे ना! कार्यक्रम मोडेल, सासूबाई काय म्हणतील, पाहुणे जमलेत, म्हणून बाई गप्प बसते. अशा किती गप्प बसलेल्या बायांचे हात माझ्यावरून गेले असतील, देव जाणे.

म्हणून तुमच्याकडं एकच मागते. तुमच्या घरात, गल्लीत, नात्यात कुणाला दिवस गेले असतील तर तिला हे सांगा. बांगडी किंवा अंगठी अचानक घट्ट झाली, तोंड सुजलं, डोकं दुखत राहिलं, डोळ्यापुढं चमकलं, तर तेल-साबण हातात घेऊ नका, त्याच दिवशी रक्तदाब बघून या. तिच्या सासूलाही सांगा, आणि तिच्या नवऱ्याला आधी सांगा, कारण गाडी त्याला काढायची असते. ती हसली, रागावली, तुम्हाला काय कळतं म्हणाली, तरी सांगा. आणि तिला म्हणावं, तूही पुढच्या बाईला सांग.